खुंटी



पत्रिकेत विषय छापलाय 'तंबोऱ्याची जवारी'. जवारीकडे मी येणारच आहे. त्याआधी पाच मिनिटं खुंटीबद्दल बोलू द्या. आमच्या सौभाग्यवती समोर बसून हसतायत. माझी पाच मिनिटं त्यांना ठाऊक आहेत. (हशा)

हे तंबोरे घडवणाऱ्या मिरजेबद्दल तुम्हाला मी काय सांगावं? हत्यारांना धार लावणारे शिकलगार, त्यांतले फरीदसाहेब वाद्यांकडे वळले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, २०२४चं भौगोलिक मानांकन. सगळं तुम्ही वाचलेलं आहे. पुढे जाऊ.

तंबोरा उतरला की आपण तारेला नावं ठेवतो, घोडीवरचा दोरा सरकवतो, मणी खालीवर करतो. अहो, मणी केसभर फरकासाठी. खुंटीच मागे फिरत असेल तर मणी बिचारा काय करणार?

खुंटी निमुळती असते आणि तिचं भोकही निमुळतं. पण लाकूड ओल धरलं की रेषांच्या आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. चार-सहा पावसाळे गेले की गोल खुंटी आणि गोल भोक, दोन्ही जराशी लांबट होतात. मग पावसाळ्यात ती हलत नाही आणि उन्हाळ्यात ठरत नाही. बाहेर काढून बघा. जिथे घासते तिथेच चकाकी दिसेल. सगळीकडे सारखी चकाकी हवी. पट्टेच दिसले तर कारागिराकडे न्या. हातोडीनं ठोकू नका! ठोकणारे या सभागृहात आहेत, मी नावं घेत नाही. (हशा)

एकदा रत्नागिरीत पावसाळा काढलेला एक तंबोरा जानेवारीत सोलापूरकडे नेला होता. कार्यक्रम शाळेत. बुवांनी डोळे मिटून षड्ज लावला आणि जोडाच्या तारेची खुंटी फिर्रकन सुटली. मी मागे साथीला. खुंटीला खडू लावला की ती धरते, हे तुम्हाला माहीत आहे. शाळेत खडूला काय तोटा? शिपाईमामा धावत गेले आणि घेऊन आले गुलाबी खडू. पांढरा म्हणे कुलूपबंद. मी लावला. खुंटी धरली, पण माझी बोटं गुलाबी, बोटांवरून दांडी गुलाबी, आणि मध्यंतरात बुवांनी माझ्या हातून तंबोरा घेतला तेव्हा त्यांचा सिल्कचा सदराही गुलाबी. दुसरा राग त्यांनी तशाच सदऱ्यात गायला. छान गायले, हेही सांगतो. नंतर चार महिने माझ्याशी बोलले नाहीत.

तर खडू पांढरा ठेवा आणि गवसणीच्या खिशातच ठेवा. खुंटी घट्ट झाली तर कोरडा साबण, सुटली तर खडू. आणि तारेचे वेढे दांडीच्या बाजूला येत जातील असे घ्या, म्हणजे ताणच खुंटीला आत ओढतो. वर पिळताना किंचित आत रेटा. एवढं केलंत तर...

मागून कोण म्हणालं, इलेक्ट्रॉनिक तंबोरा? त्याला खुंटी नाही, कबूल. माझ्याही घरी आहे. प्रवासात वापरतो. पण त्यावर रियाज करणाऱ्याला सूर लावावा लागत नाही, मिळतो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहत, वाद्यांची दुरुस्ती स्वतः करत. त्यांच्या हातात कानस होती, अहो! मी चिडलेलो नाही. मला चिडलाय असं म्हणू नका.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दोन मिनिटं. बरं, जवारी. घोडीचा माथा अगदी किंचित उतरता घासलेला असतो, तार त्याला निसटती शिवते, म्हणून ती गुंजते. तारेखाली दोरा सरकवून ती जागा नेमकी शोधायची. तारेनं घोडीवर चर पाडला की जवारी बसते, मग पुन्हा घासून घ्यायची. ते काम घरी करू नका. झाली जवारी.

हा तंबोरा मी साडेसहाला लावून ठेवलाय, आता पावणेआठ. ऐका. पंचम... जोड... हं. दुसरी जोड जरा...

अहो, तो पंखा बंद करा बरं. पंख्यामुळे होतं तसं. (हशा)