शाफ्टला वेग नेमून देऊ नका



निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदारांना आजचा विषय पुस्तकातून शिकावा लागत नाही. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा शाफ्ट, 540 आरपीएमवर ठेवून द्राक्षबागेत ब्लोअर चालवताना त्यांचा कान इंजिनाकडे असतो. ब्लोअर जोडला की आवाज दबतो, वेग राखणारा गव्हर्नर डिझेल वाढवतो, आवाज पुन्हा वर चढतो. वेग तोच राहावा म्हणून शाफ्ट फिरवणारा जोर, टॉर्क, वाढवावा लागलेला असतो.

संगणकावर हे मांडताना मात्र फार जण चुकतात. इंजिनिअरिंगची मुलं सिम्युलेशनमध्ये शाफ्टला थेट वेगच नेमून देतात. मग भार कितीही टाका, वेगाचा आलेख सरळच, कारण तो राखायला लागेल तेवढा टॉर्क संगणक पुरवत राहतो. खऱ्या यंत्राजवळ द्रौपदीची थाळी नसते. एका शाफ्टवर वेग ठरवाल तर टॉर्क तुमच्या हातात उरत नाही, टॉर्क ठरवाल तर वेग उरत नाही. माझा आग्रह आहे की टॉर्क द्या आणि वेग गणितातून येऊ द्या. चालवणारा टॉर्क उणे भाराचा टॉर्क, याला जडत्वाने भागलं की वेग किती झपाट्याने बदलतोय ते कळतं. नियंत्रकाने तो वेग मोजून टॉर्क कमी-जास्त करावा. मात्र यंत्राच्या मर्यादेत, आणि इंधनाची किंवा वाफेची झडप हलायला लागणारा वेळ धरून.

हा वेळ किती मोलाचा, ते आपल्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राला विचारा. तिथल्या 210 मेगावॅटच्या संचाचा शाफ्ट 3000 आरपीएमने फिरतो. पूर्ण भारावर त्यावरचा टॉर्क होतो सुमारे 6 लाख 70 हजार न्यूटन-मीटर. अशा वेळी ब्रेकर उघडून भार एकदम सुटला आणि वाफ तशीच येत राहिली, तर वेग दहा टक्क्यांनी वाढायला साधारण एक सेकंद पुरतो. एवढ्यात वाफेची झडप मिटली पाहिजे! ज्या मॉडेलमध्ये वेग नेमलेला आहे, त्यात हा धोका दिसणारच नाही.

5 एप्रिल 2020 आठवा. कोरोनाच्या टाळेबंदीत पंतप्रधानांच्या आवाहनावरून रात्री नऊला नऊ मिनिटं देशभर घरांतले दिवे मालवायचे होते. मागणी 12 ते 14 हजार मेगावॅटने घटेल असा अंदाज होता; प्रत्यक्षात ती सुमारे 31 हजारांनी घटली. अंदाजाच्या दुपटीहून जास्त! तरी वारंवारिता 49.70 ते 50.26 हर्ट्झमध्येच राहिली, म्हणजे 3000 आरपीएमचे शाफ्ट 2982 ते 3016 यांच्या दरम्यान फिरत होते. जलविद्युत केंद्रांची निर्मिती आधीच वाढवून ठेवली होती. त्यांनी काही मिनिटांत साडेसतरा हजार मेगावॅट उतरवले. भारप्रेषण केंद्रांतल्या माणसांचं हे कौतुकास्पद काम. त्यांच्या जोडीला गव्हर्नर होते. गव्हर्नरला मागणीचा अंदाज लागत नाही. तो समोरचा वेग मोजतो आणि वाफ किंवा पाणी आवरतो.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, आपल्या मॉडेलमधला शाफ्ट स्थिर वेगाला आला की लगेच समाधान मानू नका. दहाव्या सेकंदाला अर्धा भार काढून टाका. वेग किती चढला, किती वेळात उतरला, आणि तेवढ्यात झडपेने किती वेळा हेलकावे खाल्ले, ते पाहा.