पहिल्या यादीत नाव नाही, म्हणून दार बंद नाही

मैत्रिणींनो, दहावीनंतर वस्तीतल्या आया मला विचारतात, "पहिल्या यादीत पोरीचं नाव नाही, आता काय?" मी सांगते, थांबा. २०२५-२६ पासून राज्यभर अकरावीचे प्रवेश ऑनलाइन होऊ लागले. एका फेरीत ज्यांनी प्रवेश घेतला नाही, त्यांच्या जागा पुढच्या फेरीत येतात. व्यवस्थापन कोट्यातल्या, महाविद्यालयांनी परत केलेल्या जागाही त्यात मिळतात. त्यामुळे हुकलेली मुलगी दुसऱ्या-तिसऱ्या यादीत लागू शकते. खात्री मात्र कोणी देत असेल, तर विश्वास ठेवू नका.

खरी गोम पसंतिक्रमात आहे. त्या वर्षी अर्जात दहापर्यंत महाविद्यालयं लिहिता येत होती. पहिल्या पसंतीचं मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागे. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. मुलाच्या अर्जात पहिलं नाव चांगल्या कॉलेजचं असतं, मुलीच्या अर्जात घराजवळच्या. ते लगेच मिळतं आणि तिची निवड तिथेच संपते. जवळचं जरूर लिहा, पण शेवटी लिहा. वरची हुकली तरच ते वाट्याला येईल.

आणि थांबण्याचे दिवस! मुलगा थांबला तर घर म्हणतं, "लागेल नंबर." मुलगी थांबली की स्थळं येऊ लागतात. म्हणून अर्ज भरताना मुलगी स्वतः समोर हवी, पासवर्ड तिच्या वहीत हवा आणि प्रत्येक यादीच्या दिवशी आपल्यातली एकजण तिच्या घरी हवी. एवढं काम प्रत्येक गटाला जमण्यासारखं आहे.