एक वळकटी, तीन धनी



मी चौथी शिकलेला माणूस. गेटसभेत ओरडून बोलायची सवय, तेव्हा शब्द इकडंतिकडं झाला तर सांभाळून घ्या. विषय दिलाय मुंबई आणि मुंबईची माणसं.

मुंबई कुणी उभी केली असं विचारलं, की शहाणे लोक गव्हर्नरांची आणि शेठ लोकांची नावं घेतात. नावं खोटी नाहीत. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवच्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, भांडवल घातलं. पण भांडवल काही साचा चालवत नाही! साचा चालवायला माणूस लागतो, आणि तो माणूस कोकणातून आला, घाटावरून आला, पुढं उत्तरेकडूनही आला. मूळचे म्हणाल तर कोळी. मुंबादेवी त्यांची, शहराचं नाव तिच्यावरून. बाकी आपण सगळे मागाहून आलेले. हे कबूल करायला लाज कसली?

माझे आजोबा रत्नागिरीकडचे. आगबोटीनं आले नि भाऊच्या धक्क्यावर उतरले. त्याच धक्क्यावरून १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेवर माणसं गेली. तरी कोकणी माणसानं समुद्र सोडला नाही. सोडून जाणार कुठं?

आजोबांची खोली लालबागला. गावच्या मंडळींनी मिळून भाड्यानं घेतलेली. दहा बाय बाराची जागा आणि माणसं बावीस. वळकटी एक, धनी तीन. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा तिथंच पाठ टेकायचा, चटई गार व्हायला सवड नाही. खुंटीवर सदरा, भिंतीला पत्र्याची ट्रंक. जेवण खानावळीत. खानावळवाली बाईसुद्धा कामगाराच्याच घरची. संप लागला की तिची वही फुगायची, पण ताट बंद व्हायचं नाही. १९२८ चा संप सहा महिने टिकला तो नुसत्या भाषणांवर नव्हे! अशाच बायांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं.

आता एक कडू गोष्टही बोलतो. एका नळावर पाणी भरणाऱ्या आपल्या लोकांनी मागखात्यात दलित बांधवांना शिरू दिलं नाही. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, मग विटाळ! जास्त पगाराचं काम तेच, आणि तेच बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल पुढाऱ्यांसमोर ठेवला. चाळीचं कौतुक करताना ही गोष्ट झाकून ठेवायची नाही.

तरीही हीच माणसं वेळ आली की उठली. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची सजा झाली, गिरण्या सहा दिवस बंद. १९५५ च्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनला गोळ्या चालल्या, १९५६ च्या जानेवारीत पुन्हा चालल्या. त्या लढ्यात १०६ हुतात्मे झाले. मुंबईसह महाराष्ट्र १ मे १९६० ला मिळाला तो अर्जविनंत्या करून नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांचा डफ वाजला की परळ-लालबाग जागा व्हायचा. अण्णा भाऊ स्वतः गिरणीत राबलेले.

मग १८ जानेवारी १९८२. डॉक्टर सामंतांच्या हाकेला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझा बाप त्यात होता, बदलीवाला. गिरणीचं नाव घेत नाही. तो परत आत गेलाच नाही. आज त्या जमिनीवर काचेचा टॉवर आहे, आणि मी मुंबईबाहेरच्या गिरणीत पाळी करतो. बापानं घरासाठी अर्ज केला होता. बाप गेला, पावती ट्रंकेत आहे. ट्रंक आजोबांचीच.

ती पावती मी आज खिशात घालून आणलीय. ज्यांच्या घरी अशी पावती असेल, मग ती बापाची असो की आईची, त्यांनी सभा संपल्यावर डाव्या बाजूच्या टेबलाशी नाव आणि नंबर लिहून द्यावा. पावती फाटलेली असली तरी घेऊन या.