भूगर्भाची माहिती कोणाच्या मालकीची?

(अंबड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भूकंपलहरींच्या सर्वेक्षणाची आणि विहिरींची माहिती संगणकात भरून भूगर्भाचे चित्र कसे काढतात, हा विषय अंबडसारख्या गावी कशासाठी, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. येथे तेल निघत नाही. पाणी निघाले तरी पुष्कळ. परंतु जेथे शेतकरी पाणाड्याच्या नारळावर विसंबून कर्ज काढतो, तीन-चारशे फूट खडक फोडतो आणि कोरडे भोक पदरी घेतो, तेथे हा विषय परका मानता येणार नाही. जमिनीखाली काय आहे हे कोणाला कळते, ते कळण्याचा खर्च कोण सोसतो आणि त्या ज्ञानावर हक्क कोणाचा, हे अर्थशास्त्राचे प्रश्न आहेत. तेलाच्या उदाहरणात ते ठळक दिसतात, म्हणून आरंभ तेथून करतो.

१९५६ साली तेल व नैसर्गिक वायू आयोग उभा राहिला. केशवदेव मालवीय यांनी तेलशोधन सार्वजनिक क्षेत्रात ठेवण्याचा आग्रह धरला आणि सोव्हिएत तज्ज्ञांचे साहाय्य मिळवले. साठच्या दशकात समुद्रात भूकंपलहरींचे सर्वेक्षण झाले आणि मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली एक मोठा उंचवटा असल्याचे दिसून आले. ३१ जानेवारी १९७४ रोजी ‘सागर सम्राट’ने तेथे वेधन सुरू केले, १९ फेब्रुवारीला तेल लागले, २१ मे १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. हेच बॉम्बे हाय. लहरींनी जागा सुचवली, विहिरीने निर्णय दिला. या दोन साक्षी एकत्र वाचणे हेच अन्वयार्थाचे शास्त्र.

या साक्षींची भाषा मात्र एक नाही. सर्वेक्षणात पृष्ठभागावर कंप निर्माण करतात. तो खाली जाऊन खडकांच्या थरांवरून परततो. मोजला जातो तो काळ, सेकंदाच्या हजाराव्या भागात. विहीर बोलते मीटरमध्ये. लहर सेकंदाला २,००० मीटर वेगाने जात असेल, तर जाऊन-येऊन एक सेकंद लागणारा थर १,००० मीटर खोल असतो. तोच वेग आपल्या काळ्या पाषाणाइतका, म्हणजे ५,००० मीटरच्या आसपास धरला, तर तोच एक सेकंद २,५०० मीटर खोली सांगतो. आकडा एक, पण अर्थ अडीचपटीने वेगळा! म्हणून विहिरीत ध्वनिग्राहक सोडून कोणत्या खोलीपर्यंत लहर किती वेळात पोचते हे प्रत्यक्ष मोजतात आणि त्या कोष्टकाने काळ व खोली यांची सांगड घालतात.

संगणकात माहिती भरण्याचे काम वरवर कारकुनी वाटते. परंतु सर्वांत महागड्या चुका तेथेच शिरतात. सर्वेक्षणाच्या फायलींसाठी ‘सेग-वाय’ हा साचा १९७५ साली प्रसिद्ध झाला, चुंबकीय फितींचा तो काळ. प्रत्येक लहरनोंदीच्या मस्तकावर तिचे स्थान लिहिलेले असते; ते कोणत्या रकान्यात आहे हे चुकीचे सांगितले, तर संपूर्ण सर्वेक्षण भलत्याच जागी जाऊन बसते. विहिरींच्या नोंदींसाठी ‘लास’ हा साधा, वाचता येणारा साचा कॅनडातील तज्ज्ञांनी १९८९ साली दिला. त्यात जेथे मोजमाप झालेले नाही तेथे बहुधा उणे ९९९.२५ लिहितात. संगणकाला ते सांगितले नाही, तर अभावाचीच तो खडकाचा गुणधर्म म्हणून सरासरी काढतो.

आणखी दोन गोष्टी सांगतो. विहिरीची खोली वेधनयंत्राच्या फलाटापासून मोजतात आणि नकाशा समुद्रसपाटीपासून काढतात. फलाट पंचवीस मीटर उंच असेल आणि ती उंची वजा करायची राहिली, तर थर तितकाच खोल दाखवला जाईल. दुसरी गोष्ट आपल्या देशाची खास. भारताचे जुने नकाशे १८३० सालच्या एव्हरेस्ट मापनावर आधारलेले आहेत. उपग्रहाधारित मापन १९८४ च्या जागतिक पद्धतीचे. दोन्ही पद्धतींत एकाच बिंदूचे अक्षांश-रेखांश निराळे येतात. जुनी विहीर रूपांतर न करता नव्या नकाशावर टाकली, तर ती शेकडो फुटांनी सरकते.

यातून अर्थशास्त्राचा एक सिद्धांत हाती येतो. माहिती ही धान्यासारखी नाही. धान्य एकाने खाल्ले की दुसऱ्याला उरत नाही. माहिती दहा जणांनी वापरली तरी झिजत नाही. ती मिळवण्याचा खर्च एकदाच, उपयोग अनेकांना. अशा वस्तूला कुलूप लावणे म्हणजे समाजाला तोच खर्च पुन्हापुन्हा करायला लावणे होय. कोरड्या विहिरीची माहितीही मोलाची असते, कारण पुढच्याचा पैसा ती वाचवते. परंतु खाजगी मालकाला ती जाहीर करण्यात लाभ नसतो.

पन्ना-मुक्ता आणि ताप्ती ही क्षेत्रे सार्वजनिक पैशाने शोधली गेली. १९९४ साली ती एका संयुक्त भागीदारीकडे सोपवण्यात आली. तीत रिलायन्स आणि अमेरिकेच्या एन्रॉनची उपकंपनी यांचा प्रत्येकी ३० टक्के वाटा होता आणि शोधकर्त्या ओएनजीसीचा ४० टक्के. शोधाची जोखीम ओएनजीसीने आधीच उचललेली होती. कराराची मुदत संपल्यावर, २०१९ साली, पन्ना-मुक्ता पुन्हा ओएनजीसीकडे आले. एवढ्यावरून धडा स्पष्ट आहे: भूगर्भाच्या ज्ञानाचे मोल हिशेबात धरले नाही, तर राष्ट्राची संपत्ती स्वस्तात हस्तांतरित होते.

पण सरकारी कपाटातील माहिती आपोआप जनतेची होते, असा भ्रमही आपण बाळगू नये. फिती खराब होतात, कागद कुजतात, अधिकारी बदलतात. २०१७ साली केंद्राने राष्ट्रीय डेटा भांडार सुरू केले, हे चांगलेच झाले. परंतु त्याची मांडणी मुख्यतः तेलक्षेत्रांच्या लिलावात उतरणाऱ्या कंपन्यांची सोय पाहून झालेली आहे. शिवाय अन्वयार्थाच्या बहुतेक मातब्बर संगणकप्रणाली मोजक्या परदेशी कंपन्यांच्या हाती आहेत आणि त्यांचे परवाने महाग आहेत. विद्यापीठांनी काय करावे? ‘ओपनडीटेक्ट’सारखी मुक्त प्रणाली उपलब्ध आहे, तिच्यावर विद्यार्थी तयार करता येतात. माहिती आपली, पण ती वाचण्याचे साधन आणि कौशल्य दुसऱ्याचे, ही परावलंबनाची नवी तऱ्हा आहे.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल वेधन केले. तेथे काळ्या पाषाणाची जाडी ३३८ मीटर भरली आणि खाली प्राचीन खडक लागला. एका विहिरीने एवढे सांगितले. आपल्या तालुक्यात दरवर्षी किती बोअर घेतले जातात! प्रत्येक बोअर ही एक साक्षच असते: मुरूम किती फुटांवर संपला, मांजऱ्या खडक कोठे लागला, तांबडा थर कोठे आला, पाणी कोणत्या खोलीवर दिसले. मशीन निघून जाते आणि साक्ष धुळीबरोबर उडते. शेजारचा शेतकरी पुन्हा कर्ज काढून तोच प्रश्न त्याच खडकाला विचारतो.

राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा सत्तरच्या दशकापासून निरीक्षण विहिरींची पातळी नोंदवते. २००९ च्या भूजल कायद्यात विहिरींची नोंदणी आहे, शेती व उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे. गावोगावची बोअरची यंत्रे पाहिल्यावर कायदा कोठे आहे, हे आपणच सांगा. केवळ मनाईने हा प्रश्न सुटणार नाही. ज्याला आपल्या जमिनीखालचे चित्र दिसत नाही, तो खोल जाणारच.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे तीन कामे ठेवतो. प्रत्येक गावात बोअरची नोंदवही ठेवा. कोरडे गेलेले बोअर तीत आवर्जून लिहा. जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवरून घ्या आणि ते मोबाइलवरून घेतल्याचे लिहा. खोली फुटांत की मीटरमध्ये, जमिनीपासून की कठड्यापासून, हेही लिहा. नाहीतर उद्या संगणकात भरताना ती निरुपयोगी ठरेल. दुसरे, बोअर घेणाऱ्या ठेकेदाराने थरांची नोंद ग्रामपंचायतीस दिल्याशिवाय त्याचे बिल चुकते करू नये, असा ठराव ग्रामसभेत आणा. तिसरे, सार्वजनिक पैशाने जमा झालेली भूजलाची माहिती प्रत्येक गावाला मुक्त साच्यात आणि मराठीत मिळावी, ही मागणी तहसीलपासून विधानसभेपर्यंत लावून धरा.

जमिनीच्या फेरवाटपासाठी आपल्या चळवळीने अनेक वर्षे लढा दिला. जमिनीखालच्या ज्ञानाचे वाटप त्याहून सोपे आहे, कारण त्यात कोणाचे काही काढून घ्यावे लागत नाही. नोंदवहीचे पहिले पान मात्र कोणीतरी उघडले पाहिजे. येत्या उन्हाळ्यात बोअरची यंत्रे गावात शिरण्यापूर्वी ते उघडावे, एवढीच विनंती.