आजी, मी आणि ‘खरं’

मला सीमाप्रश्नावर बोलायला सांगितलं होतं. खरं मी आज शेजारच्या आजींबद्दल बोलणार आहे. हसू नका, मुद्दा आपलाच आहे.

एम.ए.साठी मी बेळगावहून उज्जैनला गेलो. खोली मिळाली फ्रीगंजमध्ये. रेल्वे रुळांच्या एका बाजूला महाकालचं जुनं शहर आणि दुसऱ्या बाजूला हे फ्रीगंज, म्हणजे माधवनगर. मधे पूल. टॉवर चौकात पहिल्या दिवशी पोहे खाताना वाटलं, इथं आपल्याला ओळखणारं कुणी नाही. संध्याकाळी शेजारच्या दारातून आवाज आला, “खाणं खाल्लं का रे?”

आजी ऐंशीच्या जवळ. हिंदी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. घराणं शिंद्यांच्या काळात इकडं आलेलं. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला बस्तान बसवलं आणि त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकाल मंदिर पुन्हा उभं केलं, हे आपण पुस्तकात वाचतो. आजी ते घरातलं काहीतरी सांगावं तसं सांगायच्या. 1810 मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, त्याचा रागसुद्धा त्यांच्या बोलण्यात ताजा!

रोज संध्याकाळी चहा त्यांच्याकडं. मी त्यांचा मोबाईल रिचार्ज करायचा, औषधं आणायची. त्या माझे निबंध ऐकायच्या. राज्य पुनर्रचना, 1956, महाजन आयोग, 2004 चा सुप्रीम कोर्टातला दावा, सगळं ऐकलं त्यांनी. एकदा म्हणाल्या, “तुमचा प्रश्न तरी आहे बाबा. आमचा तर प्रश्नच नाही.” मी लगेच घटनेचं कलम 350 क सांगायला लागलो, प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिक्षणाचं. त्या म्हणाल्या, “माझा नातू हिंदीत स्वप्नं पाहतो. त्याला कोणतं कलम लावू?” मला उत्तर सुचलं नाही.

आता माझी चूक सांगतो. गणेशोत्सवात मंडळात आजी चार शब्द बोलायला उभ्या राहिल्या. एका वाक्यात हिंदीचे तीन शब्द आले. मी खालून, सगळ्यांसमोर, शुद्ध शब्द सुचवला. एकदा नाही, तीनदा. मला वाटलं मदत करतोय. त्या खाली बसल्या. दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी फक्त हिंदी. “बेटा, चाय रखी है.” दोन आठवडे!

लाज कधी वाटली सांगू? पुण्यातल्या एका शिबिरात मी ‘खरं’ म्हटल्यावर एक मुलगा म्हणाला होता, “अरे, ‘पण’ म्हण ना, खरं-खोटं काय?” आपल्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’, हे त्याला माहीत नव्हतं. तेव्हा मी गप्प बसलो होतो. तो मुलगा विसरला असेल, मी नाही विसरलो. तसलंच मी एका म्हाताऱ्या बाईला केलं होतं.

मग एका संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन म्हणालो, “आजी, चुकलो. खरं चहा पाहिजे.” त्या बघत राहिल्या. “खरं चहा म्हणजे? रोज खोटा देत होते का मी?” मी पुण्याचा किस्सा सांगितला. त्या इतक्या हसल्या की शेजारी बाहेर आले. मग मराठी परत सुरू झालं.

गजानन माधव मुक्तिबोध काही वर्षं उज्जैनात होते. ते हिंदीत लिहीत, त्यांचे भाऊ शरच्चंद्र मराठीत. घर एक, भाषा दोन. आजी म्हणायच्या, “आमच्या घरातही दोन आहेत, फक्त लिहिणारं कुणी नाही.”

पुढे मुलानं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. जाण्याआधी त्यांनी मला बसवलं. “माझं मराठी नीट कर. तिथं लोक हसतील.” उज्जैनात आयुष्यभर त्या ‘मराठीवाल्या’ होत्या आणि आता पुण्यात हिंदीवाल्या ठरणार, ही भीती. मी नाही म्हणालो. त्या चिडल्या. शेवटी आम्ही रोज वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचं ठरवलं, कुणी कुणाला थांबवायचं नाही या अटीवर. अट त्यांनीच मोडली, माझे उच्चार त्यांना पटत नव्हते.

गेल्या महिन्यात फोन आला. सोसायटीतल्या बायकांनी विचारलं म्हणे, “तुम्ही मूळच्या कुठल्या?” आजी म्हणाल्या, “मी सांगितलं, उज्जैनची आहे. खरं एक मुलगा बेळगावचा आहे माझा.”