हार्वर्डला जायला काय लागतं?

(गोरेगाव, जि. हिंगोली येथील महिला व किशोरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मला आज 'मुलींचं उच्च शिक्षण' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. सकाळी आपण मुलींकडून चिठ्ठ्या घेतल्या. बहुतेक चिठ्ठ्यांमध्ये एसटीची वेळ, वसतिगृह, बारावीनंतर काय करावं, असे प्रश्न आहेत. एका चिठ्ठीत एकच ओळ आहे : 'हार्वर्डला जायला काय लागतं?' ती वाचली तेव्हा मांडवात हशा पिकला. हाच प्रश्न एखाद्या पोराने विचारला असता तर 'पोरगं हुशार दिसतंय' असं आपणच म्हणालो असतो. म्हणून मी आज याच चिठ्ठीचं उत्तर देणार आहे, आणि खरंखुरं देणार आहे. 'मनात आणलं की सगळं होतं' असं मी सांगणार नाही. 'ते आपल्यासाठी नसतं' असंही सांगणार नाही.

आधी थोडा इतिहास. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या, हे आपल्याला शाळेत शिकवतात. पण कुठल्या कॉलेजातून झाल्या, हे सहसा कोणी सांगत नाही. फिलाडेल्फियात १८५० साली खास स्त्रियांसाठी एक वैद्यकीय कॉलेज निघालं होतं. पुरुषांची कॉलेजं बायकांना घेत नव्हती म्हणून ते निघालं. आनंदीबाईंना हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत प्रवेश मिळणं शक्यच नव्हतं, कारण तिथे पहिल्यांदा मुली घेतल्या त्या १९४५ साली. येल आणि प्रिन्स्टन या नामांकित विद्यापीठांत पदवीच्या वर्गात मुली बसू लागल्या त्या १९६९ पासून. म्हणजे आनंदीबाईंसाठी जे दार उघडलं ते बायकांसाठी लढून उघडलेलं दार होतं. तिथल्या डीन रेचल बॉडली या बाईच होत्या. आनंदीबाईंना आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या थिओडोशिया कार्पेंटर याही एक संसारी बाईच. एका मिशनरी मासिकात छापलेला गोपाळराव जोशींचा पत्रव्यवहार त्यांच्या वाचनात आला आणि त्यांनी आपण होऊन या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. पुढे १८९२ साली गुरुबाई करमरकर त्याच कॉलेजातून डॉक्टर झाल्या.

दुसरं नाव बाबासाहेबांचं. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन. बुद्धी त्यांची स्वतःची होती. पण बोटीचं भाडं आणि तीन वर्षांचा खर्च कोणीतरी उचलला, तेव्हा ती बुद्धी तिथपर्यंत पोचली.

आता आजचं बोलू. बारावीनंतर थेट अमेरिकेत पदवीला जायचं तर हार्वर्डमध्ये अर्ज करणाऱ्या शंभरांतून चौघांच्या आसपास मुलांनाच प्रवेश मिळतो. एमआयटीत परदेशी विद्यार्थ्यांचं प्रमाण याहून कमी, शंभरात दोनच्या आसपास. जगभरातून अर्ज येतात आणि परदेशी मुलांसाठी जागा मोजक्याच.

खर्चाचं काय? राहणं-खाणं धरून वर्षाला ऐंशी-नव्वद हजार डॉलर, म्हणजे सत्तर लाख रुपये किंवा त्याच्याही पुढे. आकडा ऐकूनच आपण पदर तोंडाला लावतो. पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ अशी थोडी विद्यापीठं आणि कॉलेजं परदेशी मुलांची निवड करताना पैशाची ऐपत बघत नाहीत, आणि निवड झाली की लागेल तेवढी मदत देतात. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न एक लाख डॉलरच्या आत आहे त्या घराकडून हार्वर्ड २०२५-२६ पासून काहीही घेत नाही. गोरेगावातलं कुठलं घर या मर्यादेच्या बाहेर जाईल? बाकीच्या बहुतेक ठिकाणी मात्र परदेशी मुलीने मदत मागितली की तिथेच तिची संधी कमी होते. तेव्हा आपल्या मुलीने अर्ज करायचाच तर कुठे करायचा, ही माहितीच अर्धी लढाई आहे. शहरातली घरं ही माहिती सल्लागारांना लाखो रुपये देऊन विकत घेतात.

अर्जाला काय लागतं तेही ऐका. नववी ते बारावीचे गुण लागतात. हार्वर्ड-एमआयटीसारख्या ठिकाणी सॅट नावाची परीक्षा लागते. इंग्रजी येतं याचा पुरावा, स्वतःबद्दल लिहिलेले निबंध आणि शिक्षकांची पत्रं लागतात. या पत्रांपाशी आपली गाडी अडते. आपल्याकडे शाळेतून मिळतो तो वर्तणुकीचा दाखला : 'सदर विद्यार्थिनीची वर्तणूक चांगली आहे.' तिथे हवं असतं ते असं, की ही मुलगी वर्गात कोणता प्रश्न विचारते, कशासाठी भांडते, घरचं काय सांभाळून अभ्यास करते. असं पत्र लिहायला शिक्षकाने त्या मुलीकडे चार वर्षं पाहिलेलं असावं लागतं. साठ मुलांच्या वर्गात, मागच्या बाकावर गप्प बसणारी आपली पोर कोणाला दिसणार?

आणि गुणवत्ता म्हणतात ती तरी कितपत स्वच्छ आहे? २०२३ साली राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बारा बड्या विद्यापीठांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परीक्षेत सारखेच गुण असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांना प्रवेश मिळण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त निघाली. तिथे शिकून गेलेल्यांच्या मुलांना झुकतं माप मिळतं, हे त्याचं एक मोठं कारण. २०१९ साली तर लाच देऊन प्रवेश मिळवणारे आईबापच पकडले गेले. तेव्हा नकार आला म्हणून आपली मुलगी कमी ठरत नाही.

मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण द्यायला हवं. २०१६ साली तिला एमआयटीत प्रवेश मिळाला. तिच्याकडे दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं. संगणक प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधली तीन पदकं होती. बारावी नाही म्हणून आपल्या आयआयटीचं दार तिला बंद होतं. वर्तमानपत्रांत मुलीचं कौतुक झालं, ते रास्तच होतं. पण या कहाणीत एक आईसुद्धा आहे, जिने नोकरी सोडून मुलीला घरी शिकवलं. त्या घरात संगणक होता, इंग्रजी होतं, आणि एका माणसाचा पगार थांबला तरी चूल पेटत होती. आपल्याकडची आई रोजंदारी सोडून घरी बसू शकत नाही. म्हणून जे तिथे एका आईने केलं ते इथे आपल्या गटाने मिळून करावं लागेल.

आता दुसऱ्या दाराकडे वळू. पदवी इथेच घ्यायची आणि एम.ए., एम.एस्सी. किंवा पीएच.डी.साठी परदेशात जायचं. माझ्या मते आपल्या मुलींसाठी हे दार जास्त जवळचं आहे. इथे शिक्षणाचा खर्च कमी पडावा म्हणून राज्याने २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली आहे. पुढे परदेशासाठी अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्या १२५ जागा. त्यात अनुसूचित जातींबरोबर विमुक्त-भटके, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांची मुलं येतात, आणि ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. आदिवासी आणि ओबीसी मुलांसाठी वेगळ्या योजना आहेत. अटी बदलत राहतात, म्हणून त्या त्या वर्षीची जाहिरात वाचायची.

या योजनाही आयत्या टिकत नाहीत. २०२२ साली केंद्राच्या योजनेत अट घातली गेली की भारतीय संस्कृती, इतिहास किंवा इथल्या समाजाविषयीच्या विषयांवर शिकायला ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. म्हणजे जातीवर, बाईच्या प्रश्नावर बाहेर जाऊन अभ्यास करू इच्छिणाऱ्या आपल्याच मुलींची वाट अडवली. २०२५ साली निवडलेल्या १०६ जणांपैकी आधी फक्त ४० जणांना पत्रं दिली, बाकीच्यांना निधीचं कारण सांगून थांबवून ठेवलं. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या सरकारने हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा अधिकारच काढून घेण्याचा प्रयत्न केला, तो कोर्टाने रोखला. तेव्हा एकाच विद्यापीठावर, एकाच देशावर जीव टाकू नये.

पण मैत्रिणींनो, दार कुठलंही धरा, त्यासाठी मुलगी बावीस-तेवीस वर्षांची होईपर्यंत शिकत राहायला हवी. आपलं घोडं तिथेच अडतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वीस ते चोवीस वयाच्या विवाहित-अविवाहित सगळ्या मुली धरल्या, तर राज्यात शंभरातल्या बावीस मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. शेजारच्या परभणीत, ज्यातून आपला जिल्हा १९९९ साली वेगळा झाला, हे प्रमाण अठ्ठेचाळीस होतं. चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलीला पहिला नकार अमेरिकेतून येणार नाही. तो घरातल्या बैठकीत, पोहे खाता खाता दिला जाईल.

म्हणून गटांपुढे मी चार कामं ठेवते. एक, दहावी झालेल्या प्रत्येक मुलीची नोंद गटाच्या वहीत ठेवा आणि स्थळ आलं की गटाने त्या घरी जाऊन बसायचं. दोन, कागदपत्रं. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला आणि पासपोर्ट बारावीपासूनच करायला घ्या. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि गुणपत्रिकेवर नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का पाहा. लग्नानंतर नाव बदललेल्या किती तरी बायकांची या एका कारणाने फरफट होते. नाव बदलणं कायद्याने सक्तीचं नाही, हेही मुलींना सांगा. तीन, गावातल्या एखाद्या खोलीत संध्याकाळी दोन तास मुलींसाठी इंग्रजी वाचनाचा वर्ग आणि एक संगणक. या दोन तासांत भांडी-भाकरी भावाने करावी, हा ठरावही सोबत हवा. चार, आपल्या भागातून शिकून पुढे गेलेल्यांना गाठा. पलीकडच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातून आलेले राजू केंद्रे लंडनला शिकले. त्यांनी २०१७ साली उभी केलेली एकलव्य संस्था घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलामुलींना अशा प्रवेशांसाठी मदत करते. अशांना पत्र लिहायला संकोच करू नका. आनंदीबाईंची वाटही एका पत्रानेच उघडली होती.

उद्या गोरेगावातून कोणी हार्वर्डला जाईल की नाही, याची हमी मी देत नाही. पण हार्वर्डच्या तयारीसाठी जे जे लागतं, म्हणजे वेळ, पुस्तकं, कागदपत्रं, लग्नाची घाई न करणारं घर आणि मुलीकडे लक्ष देणारा शिक्षक, ते नांदेडला नर्सिंग करणाऱ्या मुलीलाही लागतं आणि संभाजीनगरला एम.एस्सी. करणाऱ्या मुलीलाही लागतं. एका मुलीच्या निमित्ताने आपण ते उभं केलं तर गावातल्या सगळ्या लेकी त्यावर हक्क सांगतील.

पुढच्या बैठकीला गटाची वही घेऊन या. पहिल्या पानावर यंदा दहावीला बसलेल्या सगळ्या मुलींची नावं लिहू.