बांडगूळ : आमराईत नको, बांधावर थोडे असू द्या
(साखरखेर्डा, जि. बुलडाणा येथे शेतकऱ्यांसमोर दिलेले भाषण)



दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला आपण 'बांडगूळ' म्हणतो. ही वनस्पती मात्र पूर्ण परावलंबी नाही. पाने हिरवी असल्याने अन्न ती स्वतः तयार करते. झाडातून शोषते ते पाणी व क्षार. तरीही आंब्याच्या फांदीवर ती वाढली की फांदीचा शेंडा वाळतो आणि उत्पन्न घटते. म्हणून आमराईत तिचा बंदोबस्त केलाच पाहिजे.

हिचे बी उंच फांदीवर पोचते कसे? डॉ. सालिम अली यांनी १९३१ साली कोकणातील बांडगूळ आणि पक्षी यांच्या संबंधावर लेख लिहिला. शिंजीर पक्षी नळीसारख्या फुलातील मध पितो आणि परागीकरण करतो. अंगठ्याएवढा फुलटोच्या पिकलेली फळे गिळतो. चिकट बी त्याच्या विष्ठेतून पडून फांदीला चिकटते व तेथेच रुजते. 'हळदीकुंकू' फुलपाखराच्या अळ्याही बांडगुळाचीच पाने खातात.

मग सगळीच बांडगुळे काढली तर? ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉटसन यांनी काही वनांतून तेथील बांडगुळे काढून पाहिली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, तीन वर्षांत तेथील पक्ष्यांच्या जाती सुमारे एक पंचमांशाने घटल्या. किडे खाणारे पक्षीही कमी झाले. बांडगुळाचा पालापाचोळा कसदार असतो. त्यावर जमिनीतील किडे वाढतात आणि किड्यांवर पक्षी जगतात. आपल्याकडचे बांडगूळ निराळ्या जातीचे, पण धडा घेण्यासारखा आहे. शिंजीर व फुलटोच्या हेही किडे आणि कोळी खातात.

तेव्हा पुढीलप्रमाणे करावे :

१. आंब्यावरील बांडगूळ फळे पिकण्यापूर्वीच काढावे. नुसती पाने ओरबाडल्यास ते पुन्हा फुटते. म्हणून जोडाच्या हातभर खालून फांदी कापावी.

२. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी हे प्रमाण घ्यावे.

३. आमराईपासून दूर, बांधावरच्या किंवा नाल्याकाठच्या जोमदार कडुनिंबावर एखाद-दुसरे बांडगूळ असेल तर राहू द्यावे. झाड वाळू लागले तरच काढावे.

४. बी पसरवतो म्हणून फुलटोच्याला मारू नये.

फळबाग आपली आहे, तिथे कोयता चालवा. बांधावर मात्र पाखरांचा वाटा ठेवा.